जाडं पीठ आणि भिंगरी

बेकरीत तिला नावाने हाक कुणी मारत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई तिला ‘भिंगरी’ म्हणाल्या आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बसून चहा पिताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. एका हातात कप, दुसऱ्यात फडकं, नजर भट्टीकडे.

मैद्याला अशी सून मानवते. पाणी लागलं की मैदा ऐकतो. पण भिंगरीच्या मनात माहेरचं पीठ होतं. वडिलांच्या गिरणीतलं, कोंड्यासकट जाडसर दळलेलं, हातात घेतलं की खरखरणारं. त्याचा पाव या दुकानात विकला जावा, एवढंच तिला हवं होतं.

दोनदा तो फसला. दुसऱ्यांदा तर नवऱ्याने एक पाव दाराला टेकवून ठेवला. “वाऱ्याने आता आपटायचं नाही,” म्हणाला.

सासूबाई हसल्या नाहीत. “आजचा घाणा शेवटचा. नाहीतर उरलेली पोती कोंबड्यांना.”

चूक कुठे होते, हे भिंगरीला ठाऊक होतं. जाडं पीठ पाणी सावकाश पितं. सुरुवातीला ते पातळ, चिकट दिसतं. तसंच झाकून ठेवलं की आपसूक सावरतं. वडील हे शंभरदा सांगायचे. तिला ते पाठ होतं, तिच्या हातांना नव्हतं. चिकट दिसलं की हात आपले डब्यात जायचे, मूठभर कोरडं पीठ वर पडायचं, आणि पावाची वीट व्हायची.

म्हणून त्या सकाळी पीठ भिजवून तिने ते ओल्या फडक्याने झाकलं आणि किल्ली नणंदेच्या हातात दिली. “मला बाहेर काढ. काही बोलले तरी उघडू नकोस.”

कुलूप लागलं, आणि लगेच तिने दार वाजवलं. “नुसतं बघते गं.”

“बघताना हात कुठे ठेवशील, वहिनी?”

तिने पायरी झाडली. शेजारच्या शिंप्याची झाडली. तो मशीन थांबवून म्हणाला, “आत या, दुकानही झाडून घ्या.” गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ती परत आली, पुन्हा गेली. फडक्याखाली पीठ वाहून चाललंय, असंच तिला सारखं दिसत होतं.

दार उघडलं तेव्हा परातीत पीठ जमून आलं होतं. बोटाने दाबलं, हळूच वर आलं. तिने बोट काढून घेतलं आणि पदराला पुसलं.

भट्टीतून पाव निघाले, तपकिरी, वर थोडे तडकलेले. सासूबाई सुरी घेऊन पुढे झाल्या.

“आई, थांबा. गरम कापला तर आत चिकट राहील.”

नणंद तोंडावर हात धरून भिंतीकडे वळली. सासूबाईंनी सुरी खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. निवल्यावर त्यांनी जाड तुकडा कापला आणि कितीतरी वेळ चावत राहिल्या. भिंगरी ओटा पुसत होती, तोच तोच कोपरा.

“मैद्याच्या शेजारी ठेवू नकोस,” त्या म्हणाल्या.

तिचा हात थांबला.

“तिथे कुणाला दिसायचा नाही. पुढे काचेत ठेव. आणि उद्याचं पीठ मी भिजवते. तू झाडायला जा.”