वरच्या मजल्यावरची अरबी

निवृत्त झाल्यावर मी अरबी शिकायला घेतली, तेव्हा नवरा म्हणाला, "मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही भाषांत माझ्याशी भांडून झालं वाटतं!" कुवेंपुनगरातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर येमेनचं जोडपं भाड्याने आलं होतं. तो दिवसभर विद्यापीठात, ती एकटी आणि गरोदर. तिला बोलायला माणूस हवं होतं आणि मला सुम्मने, म्हणजे उगीच नुसतं, बसून राहणं जमत नाही.

पण ही पोर पुस्तक उघडूच देईना. आधी दारातली विचारपूस शीक म्हणे. तब्येत कशी, आई कशी, वडील कसे, पुन्हा तब्येत कशी. मध्येच मी कामाचं काही बोलले की बोट वर करून गप्प करायची. मग गहवा, म्हणजे वेलदोडा घातलेली त्यांची फिकट कॉफी, इवल्याशा कपात. पहिल्या दिवशी मी कप रिकामा करायची, ती भरायची. पोट डब्ब झालं तेव्हा कळलं, पुरे म्हणायचं तर कप हातातल्या हातात हलवायचा. तोंडी "नको"ला किंमत नाही. आग्रहाच्या बाबतीत आम्ही अगदी एका घरच्या निघालो. ती मला खाला म्हणायला लागली, म्हणजे मावशी.

बाळंतपणाला तिची आई येणार होती. तिला व्हिसा मिळाला नाही. दवाखान्यात आत फक्त बाईमाणसालाच सोडत, त्यामुळे नवऱ्याचा उपयोग नव्हता. आत आपल्याजवळ कोण असेल, हा एकच घोर तिला लागला. आमची शिकवणी बंद पडली.

एका सकाळी ती खाली आली. मी फिल्टर कॉफी दिली. तिने ती समोर ठेवली आणि हातच लावला नाही. साखर कमी पडली असेल म्हणून मी दुसरी करून आणली. तीही तशीच. अय्यो, माझं डोकंच फिरलं! माझ्या कॉफीला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. "आवडत नसेल तर सरळ सांग ना!" मी फटकन म्हणाले.

तिचे डोळे भरले. "खाला, आमच्यात पाहुण्याला काही मागायचं असलं की तो कप खाली ठेवतो. घरच्या बाईने 'अबशिरी' म्हटलं, म्हणजे काळजी सोड, तुझं काम झालं, की मगच पितो."

"आणि काय मागायचंय ते?"

"ते नंतर. आधी म्हणायचं."

मला कळलंच होतं. मला मूल नाही. नात्यात कुणाच्या बाळंतपणाला माझी आठवण कुणी काढली नाही, ओटी भरतानाही मला हळूच मागे सारायचे. त्याचा मला राग होता, अजून आहे.

"मला यातलं काही कळत नाही गं," मी म्हणाले.

"मला तरी कुठे कळतंय?"

मी अबशिरी म्हटलं. तिने दोन्ही गार कॉफ्या घटाघट पिऊन टाकल्या.

पुढे तिच्या कळा सुरू झाल्या तेव्हा मीच आत गेले. तिने माझा हात इतका आवळला की बांगड्या रुतल्या, आणि मला येत होती तेवढी सगळी अरबी मी तिच्या कानाशी बोलत राहिले. मुलगी झाली. नर्स तिला दुपट्यात गुंडाळून घेऊन आली आणि म्हणाली, "तगोळ्ळी अज्जी." घ्या आजी. उभ्या आयुष्यात मला कुणी अज्जी म्हटलं नव्हतं. मी हात पुढे केले.