आधी घराला बोलू द्या

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षर तर कोंबडी नाचल्यासारखं. त्याबद्दल आधीच माफी मागते. हे कुणाला दाखवायचं नाहीच. पण सलमाताईबद्दल मला तोंडाने कधी सांगता येणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

कॅनडात लव्हालला मुलाकडे राहायला आले, तेव्हाची गोष्ट. बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये कपडे धुवायला उतरले तर पांढऱ्या केसांची एक बाई काठीला मेलेलं मांजर बांधून उभी. मी किंचाळणार, तेवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं. दोघी तशाच उभ्या राहिलो. पाइपातून पाणी उतरत होतं. वर कुणीतरी खुर्ची सरकवली. मग ती हसून म्हणाली, "झालं. आता ओरड." ते मांजर नव्हतं. वाऱ्याची घरघर लागू नये म्हणून केसाळ टोपडं घातलेला माइक होता.

ती पॅलेस्टाइनची. तिकडे इस्रायली लष्कराच्या पहाऱ्यात तिची माणसं रोजचे दिवस कसे काढतात, यावर ती माहितीपट करायची. तिला सिनेमांमुळे थोडं हिंदी यायचं, मला नातीमुळे थोडं इंग्रजी. उरलेलं आम्ही हातांनी बोलायचो. तिचं बोलणं मी इथे माझ्या मराठीत लिहिते आहे. ती मला 'उम्म अमोल' म्हणायची, म्हणजे अमोलची आई. गावाकडेही मला तसंच म्हणतात, त्यामुळे ती कधी परकी वाटली नाही.

कुठल्याही घरात शिरली की ती आधी सगळ्यांना मिनिटभर गप्प करायची आणि त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. माणसांचं बोलणं कापून जोडताना मधल्या फटीत तीच शांतता भरावी लागते, नाहीतर कानाला खड्डा लागतो, असं तिने मला समजावलं होतं. "आधी घराला बोलू द्या," हे तिचं नेहमीचं. आणि दुसरं, "रडणारी बाई सगळेच दाखवतात. मला कपडे वाळत घालणारी दाखवायची आहे."

तिच्या आत्याचं चित्रण तिने मला दाखवलं. आत्या भाजी धुतलेल्या पाण्याने फरशी पुसत होती. मी म्हटलं, आम्हीही असंच करायचो. तिने चित्र पुढे नेलं. समोरच्या टेकडीवर इस्रायली लोकांची नवी वस्ती, लाल कौलं आणि हिरवळीवर भिरभिरणारे पाण्याचे फवारे. आमच्याकडे पाणी नव्हतं म्हणून नव्हतं. आत्याकडे होतं, पण तिला मिळत नव्हतं. हे मला त्या दिवशी नीट कळलं.

अमोलला आमचं बसणं-उठणं पसंत नव्हतं. "आई, तिच्या भानगडीत पडू नकोस. इथे कायम राहायची आपली पीआरची फाइल अजून सरकारकडे आहे."

"अरे, चहा पिते मी तिच्याबरोबर."

"मग चहाच पी. व्हिडिओत येऊ नकोस."

आत्याने मुलासाठी घराला एक खोली वाढवली होती. परवानगी मागून मिळत नाही, म्हणून न मागता. मग घर पाडायची नोटीस दाराला लागली. ती नोटीस कशी आली हे आत्या स्वयंपाकघरात बसून सांगते, तो त्या फिल्मचा जीव होता. त्या दिवशी आत्या लगेच सांगायलाच बसली, म्हणून शांतता मागे राहिली. ते झाल्यावर सलमाताई ती रेकॉर्ड करणार, तर आत्याने चहा पुढे ठेवला. "निवतोय. तुझं यंत्र राहू दे." वडीलधाऱ्या बाईच्या हातचा चहा कसा निववायचा? निघताना करू, असं तिने मनात म्हटलं. पण रस्ता बंद होणार अशी बातमी आली आणि तिला अर्ध्या कपावरून पळावं लागलं. पुढे बुलडोझर आला. घर गेलं, मागोमाग आत्या गेली. पुन्हा तिकडे जायला निघालेल्या सलमाताईला सरहद्दीवरूनच परत पाठवलं.

"सगळ्या घरांची शांतता माझ्याकडे आहे," ती म्हणायची, "एका घराची सोडून."

दुसऱ्या घरांची तिने भरून पाहिली. ऐकायची आणि हेडफोन काढून ठेवायची. "हे तिचं नाही." शेवटी एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात आली. मी फ्रिज बंद केला. माझा चेहरा येणार नव्हता, नुसता खोलीचा आवाज. ती डोळे मिटून उभी राहिली. बाहेर बर्फ पडत होता. हळूहळू तिचा चेहरा असा उतरत गेला की मला बघवेना. बसमध्ये कुणाला स्टॉप विचारायलाही लाजते मी, पण तोंडातून निघून गेलं, "सलमाताई, चहा ठेवू का?"

तिने डोळे उघडले. तिचं मिनिट मी नासवलं होतं. ती खळखळून हसली आणि हसता हसता माझ्या खांद्यावर रडायला लागली. "उम्म अमोल, अगदी असंच झालं होतं गं."

त्यानंतर तिने शोधणं सोडलं.

लायब्ररीच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. अमोल मला सोडायला आला होता, तो बसूनच राहिला. आत्या बोलत असताना दोन वाक्यांच्या मध्ये आवाज एकदम मेला. काहीच नाही, हवासुद्धा नाही. मागून कुणीतरी स्पीकर गेल्याची कुजबुज केली. अमोल माझ्याकडे वाकला. "बिघडलं का गं?"

"नाही," मी म्हटलं. "तिथे घर होतं."

त्याच हिवाळ्यात सलमाताई आजारी पडली आणि गेली. तिच्या भावाने अमोलच्या फोनवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. 'उम्म अमोलचं स्वयंपाकघर' असं नाव तिने त्याला दिलं होतं. अमोलने ते माझ्या फोनमध्ये घालून दिलं.

घरात कुणी नसलं की मी ते ऐकते. हीटरची टकटक, नळाचा थेंब, खाली बर्फ काढणारी गाडी. आमच्या घराला इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. मग माझा आवाज येतो, "चहा ठेवू का?" तिचं हसू येतं. आणि रेकॉर्डिंग तिथेच संपतं.

त्या दिवशी आम्ही चहा प्यालो की नाही, किती आठवलं तरी आठवत नाही.