आमच्या हातची जीप

तुम्हीच ते! बंद गाडी दिसली की बाह्या सरसावून बॉनेट उघडणारे आणि "काही नाही हो, पाच मिनिटांचं काम आहे" म्हणणारे. आणि संध्याकाळी तीच गाडी बैल जुंपून घरी ओढत आणावी लागली की "फॉल्ट मूळचाच होता" म्हणणारेही तुम्हीच! नाव घेत नाही. घ्यायचं तर पहिलं माझंच घ्यावं लागेल.

असे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. गाडीखाली ऑईल सांडावं तसे ते साचतात. वरून माती टाका, चार दिवसांनी डाग पुन्हा वर येतो. तळोद्याला आमच्या फिरत्या दवाखान्याच्या अंगणात असे पुष्कळ डाग आहेत.

आम्ही चौघं. डॉक्टर, शांताबाई नर्स, आश्रमशाळेचा वसंता मास्तर आणि नुकताच बी.एस्सी. होऊन आलेला मी. जीप होती लष्कराच्या लिलावातली, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली. तापीकाठचे केळी-कापसाचे मोठे शेतकरी हिरालालभाई यांनी ती घेतली होती आणि सातपुड्यातल्या पाड्यांवर औषधं पोचावीत म्हणून आम्हाला वापरायला दिली होती. ती नसती तर वर जायला दोन दिवसांची पायपीट.

मिस्त्री होते नंदुरबारला, तापीच्या पलीकडे. कधीही जा, उत्तर एकच : "उद्या या." मला 'उद्या' या शब्दाचा भयंकर राग! स्वतंत्र देशातल्या तरुणांनी एका स्पॅनरसाठी दुसऱ्याच्या दारात का उभं राहायचं? मी तावातावाने भाषण केलं आणि ठराव पास करून घेतला : जीपचं सगळं काम आपल्याच हातांनी. दर रविवारी श्रमदान!

*

पहिल्या रविवारी ऑईल बदललं. वसंता जीपखाली उताणा, मी वर डबा घेऊन. जुनं काळंकुट्ट ऑईल परातीत गळून गेलं. मी नवं ओतायला लागलो.

"कसं काय, वसंता?"

"भाऊ, एक नंबर!" तो खालून आनंदाने ओरडला. "आते एकदम चोखं ऑईल येई ऱ्हायनं!"

मला धन्य वाटलं. इंजिन आतून धुऊन निघालं म्हणायचं! मी दुसरा डबा फोडला.

शांताबाई ओट्यावर कापूस निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "भाऊ, खालचं बूच बसवलंत का?"

बूच माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

*

पुढचा रविवार ब्रेकचा. ब्रेक सैल लागतात अशी डॉक्टरांची तक्रार होती. सैलपणा मला कुठेच सहन होत नाही. चारही चाकांचे ब्रेक मी असे आवळले की विचारू नका!

सोमवारी जीप जागची हलेना. हलली तर कण्हत हलली. मी म्हटलं, इंजिनात दम राहिला नाही. वसंता म्हणाला, पेट्रोलात पाणी असेल. डॉक्टर म्हणाले, म्हातारी झाली. असं निदान करत आम्ही चार मैल आलो.

मागच्या सीटवरून शांताबाईंचा आवाज आला, "कोणाची भाकर करपतेय का?"

चारही चाकांतून धूर निघत होता.

*

श्रावणातली गोष्ट. शहाद्याच्या रस्त्यावर चाक पंक्चर झालं. मी जीप शहाणपणाने रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर घेतली आणि जॅक लावला. आता खानदेशची काळी जमीन आणि तीही ओली! मी दांडा मारतोय, मारतोय. घामाने निथळलो. जीप तसूभर वर येईना.

एक बैलगाडीवाला बाबा गाडी थांबवून बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"भाऊ, गाडी वर नई जाई ऱ्हायनी. तुमनं यंत्र खाले जाई ऱ्हायनं!"

खरंच होतं. जॅक वीतभर चिखलात गेला होता. बाबाने बैलगाडीची एक फळी काढून दिली. जाताना एवढंच विचारलं, "कितली शाळा शिकेल शेतस?"

वसंताने अभिमानाने सांगितलं, "बी.एस्सी.!"

बाबाने मान डोलावली. "हां, तरीच."

*

डॉक्टरांची पद्धत मात्र काटेकोर. ऑपरेशनमध्ये जेवढी हत्यारं आत जातात तेवढी बाहेर आली पाहिजेत, म्हणून आधी मोजायचं आणि नंतर मोजायचं. तीच शिस्त त्यांनी जीपला लावली. एका रविवारी कार्बुरेटर साफ केला. आधी मोजलं : पाने अकरा, स्क्रू-ड्रायव्हर दोन, पक्कड एक. काम संपल्यावर मोजलं : अकरा, दोन, एक. "क्लोज!" म्हणून डॉक्टरांनी बॉनेट लावलं.

जीप सुरू होईना. हँडल मारून मारून माझे आणि वसंताचे खांदे निखळायची वेळ आली. एकदा खोकली, मग तेही नाही. डॉक्टरांनी तीनदा पाने मोजले. अकरा!

शांताबाई हात पुसत बाहेर आल्या.

"डॉक्टर, बोळे मोजलेत?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी कार्बुरेटरच्या तोंडात स्वतःच्या हाताने कापडाचा बोळा कोंबला होता. उभ्या हयातीत एकाही पेशंटच्या पोटात त्यांनी काही विसरलं नव्हतं!

*

आता जे सांगतो त्यात हसण्यासारखं कमी आहे. म्हणजे आम्हाला तेव्हा कमी होतं.

बाजाराच्या दिवशी, भर पेठेत जीप चालता चालता अडखळायला लागली. प्लग साफ करायला हवेत. पाच मिनिटांचं काम! मी चारही वायरी एकदम उपटल्या, प्लग घासले, वायरी परत लावल्या. एक, दोन, तीन, चार. अगदी ओळीने, शाळेतल्या मुलांसारख्या.

इंजिनाचा क्रम तसा नसतो. ते एक, तीन, चार, दोन असं पेटतं. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलंही होतं!

हँडल मारताच असा बार निघाला की समोरच्या मारवाडी शेटजींनी दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या. दुसऱ्या बाराला एक बैलजोडी उधळली आणि कापसाने भरलेली गाडी घेऊन सुसाट पळत सुटली. पेठभर कापूस! कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पांढरं.

बैल हिरालालभाईंचे होते. कापूस हिरालालभाईंचा होता. आणि कापसातून शांतपणे चालत येत होते तेही हिरालालभाईच.

ते ओरडले नाहीत. त्यांनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. "भाऊ, बुधवारी मीच तुमच्यासंगे वर येस. जीप रस्त्यात बंद पडनी, का मी ती लई जास. इंजिन काढी विहिरीवर बसाडस. निदान मन्ह्या केळीले पानी तं भेटी!"

*

मंगळवारी शांताबाईंनी जीपची किल्लीच पदराला बांधली. "उद्यापर्यंत कोणी तिला हात लावायचा नाही."

मी किल्लीला हात लावलाच नाही. इंजिनावरचा पेट्रोलचा पंप उघडायला किल्ली लागत नाही. पंपात कचरा बसतो, तो तेवढा झटकला आणि परत बसवला. आतला पातळ पडदा बसवताना दुमडला आणि जरासा चिरला, हे मला कळलं नाही.

बुधवारी धडगावच्या घाटात, नेमक्या अर्ध्या चढावर, तो पुरता फाटला तेव्हा कळलं. टाकीत पेट्रोल भरपूर, पण इंजिनापर्यंत थेंब पोचेना. जीप उभी. मी चाकामागे दगड लावला आणि मान खाली घालून काय केलं ते सांगून टाकलं. हिरालालभाई उतरले, एका खडकावर बसले आणि त्यांनी बिडी पेटवली. त्यांना विहीर दिसत असावी. मला वरचा पाडा दिसत होता. तिथे सकाळपासून माणसं तापाची पोरं घेऊन बसली असतील. आज आम्ही पोचलो नाही तर पुन्हा कधीच पोचणार नव्हतो.

डॉक्टर बॉनेटखाली वाकले. "पेट्रोल पोचत नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"शांताबाई, ज्याला तोंडाने घेता येत नाही त्याला आपण काय करतो?"

शांताबाईंनी औषधांची पेटी उघडली. सलाईनची रिकामी काचेची बाटली काढली, लाल रबरी नळी काढली. वसंताने टाकीतून पेट्रोल काढून बाटली भरली आणि ओरडला, "भाई, पहिले ती बिडी फेका!"

नळीचं टोक कार्बुरेटरला जोडलं. डॉक्टर मडगार्डवर बसले, बाटली उलटी करून हात उंच केला. वसंताने हँडल मारलं. जीप सुरू!

वसंता चालवतोय, शांताबाई त्याच्याशेजारी उभ्या राहून नळीचा चिमटा सांभाळतायत, मी दगड हातात घेऊन मागे पळतोय. वसंता ओरडतोय, "चढ आला, जास्त सोडा! बास, बास, कमी करा!" दोन वळणांनंतर डॉक्टर बाटली या हातातून त्या हातात घेऊ लागले.

"थांबाडा," हिरालालभाई म्हणाले. "डॉक्टर, तुम्ही उतरा. तुमना हात तठे वर पोरेस्ले तपासाले लागी." त्यांनी धोतर खोचलं, मडगार्डवर चढले आणि बाटली स्वतःच्या हातात घेतली. पाड्यापर्यंत त्यांनी ती खाली केली नाही.

मोहाच्या झाडाखाली माणसं उठून उभी राहिली. सगळे त्या बाटलीकडे बघत होते. महिन्यापूर्वी पाड्यावर हगवण आली तेव्हा डॉक्टरांनी अशाच बाटल्या लावून माणसं वाचवली होती.

नातीला कडेवर घेतलेली एक म्हातारी पुढे आली. तिने बॉनेटवर तळवा टेकवला आणि चटका बसून झटकन काढला. मग ती मागच्या लोकांना हाताने खाली बसायची खूण करत तिच्या पावरी बोलीत काहीतरी म्हणाली. पावरी आम्हा चौघांत एकट्या वसंताला येते. त्याने आम्हाला मराठीत सांगितलं :

"अंग फार तापलंय हो हिचं! आधी हिला बघा, डॉक्टर. आम्ही बसतो."