एका टीमच्या दोन विहिणी

मला सायकल येत नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको, की बाई, तुला त्यातलं काय कळतं. लहानपणी भावाची सायकल नुसती हातात धरून ओढ्यापर्यंत नेली होती, तेवढ्यावर बोलणी खाल्ली. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि भावाची चालू राहिली, म्हणून सायकलही त्याचीच. पुढचं लिहिणं-वाचणं मी आपलं आपण शिकले. पेपरातून, खताच्या पिशव्यांवरून, लेकीच्या पुस्तकांतून. त्यामुळं माझ्या लिहिण्याला शिस्त नाही. बोलते तसं लिहिते.

तर थंडीत आमच्या भागातून सायकलींची मोठी शर्यत गेली. परदेशातली पोरं आलेली. त्यांच्यासाठी रस्ता असा गुळगुळीत केला, की आमचे हे म्हणाले, "यांच्या पायगुणानं खड्डं गेलं. दर साली या म्हणावं." आम्ही कळस गावच्या बायका तासभर आधी जाऊन रस्त्याच्या कडेला बसलो. आणि शर्यत गेली किती वेळात? मी डोक्यावरचा पदर नीट करेपर्यंत. मोहोळ उठल्यासारखा आवाज आला, रंग दिसले, तोंडावर वारा बसला, संपलं. शेजारीण म्हणाली, "एवढ्यासाठी भाकरी पहाटं थापल्या व्हय गं मी?"

पण मला त्या आवाजानं धरलं ते धरलं. बारामतीला दिलेली लेक शाळेत शिक्षिका आहे. तिला म्हटलं, हे आणि कुठं बघायला मिळतं का. तिनं जुलैत माझ्या फोनवर फ्रान्सातली शर्यत लावून दिली. तीन आठवडे चालते ती, रोज आपल्या संध्याकाळी. आणि हसत म्हणाली, "आमच्या सासूबाईपण बघायला लागल्यात. दोघी मिळून बघा."

माझी विहीण नोकरदार घरातली. व्याही सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, चार वर्षांपूर्वी गेले. या जुलैपर्यंत आम्हा दोघींचं बोलणं म्हणजे मानपानातलं. साडी पोचली का, जेवणं कशी झाली, तब्येत बरी ना. सायकलीनं ते सुटलं. रोज दिवेलागणीला फोन यायचा, "विहीणबाई, लावलंत का? डोंगर आला बघा." मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून बसायची आणि ह्यांच्या मोबाईलवरून विहीणबाईंशी बोलायची. त्यांच्याकडं मोठा टीव्ही, त्यामुळं त्यांना पाठीवरचे नंबर दिसायचे. मला माणसं कपड्यावरून ओळखायला लागायची.

शर्यत समजायला आठवडा गेला. एकेका टीममध्ये आठ जण. त्यातला एकच म्होरक्या, बाकीचे सात त्याच्यासाठी. उसाच्या ट्रॉलीमागं मोटरसायकल धरली की वारा लागत नाही ना, तसं सात जण पुढं वारा खातात आणि म्होरक्या मागं दम राखून ठेवतो. शेवटच्या चढाला तो सुटतो. आणि एक जण तर नुसता मागं जाऊन गाडीतून पाण्याच्या बाटल्या घेतो, शर्टात पाठीवर खुपसतो आणि सगळ्यांना वाटत पुढं येतो. मी त्याचं नाव पाणक्या ठेवलं.

कोणाला कोण का आवडतं, याला काही हिशेब नाही. आमच्या ह्यांना एका थोराड मांडीच्या गड्याचा राग. का, तर तो दिवसभर दुसऱ्यांच्या आड बसतो आणि शेवटी उडी मारून पहिला येतो. हे फोनकडं बघून ओरडायचे, "चारी साफ करायला येत न्हाय, आन् पाण्याच्या पाळीला पयला!" मी म्हटलं, अहो, तो नियमानंच करतोय. "आपल्या चारीवरचं बी नियमानंच करत्यात," म्हणाले. चारी म्हणजे रानाला पाणी आणणारा पाट. त्यावरचा कोण, ते मला ठाऊक होतं. त्या परदेशी पोराला काय कल्पना, की तो इंदापूर तालुक्यातल्या कोणाच्या वाट्याची शिवी खातोय.

विहीणबाईंना जांभळ्या कपड्यांच्या टीमचा म्होरक्या आवडायचा. उंच, नाकी डोळी नीट, जिंकला तरी चेहरा गंभीर. मला त्याच टीमचा पाणक्या. दात पुढं, पाय काटकुळे, पाठीवर बाटल्यांचं पोतं. म्हणजे टीम एकच, आणि त्यातला एक त्यांचा, एक माझा. मला ती टीम अजिबात आवडायची नाही. रांगेत पुढं बसून शिस्तीत अशी चालायची, की बाकीच्यांचा जीव निघावा. पण माझा माणूस नेमका त्यांच्यात पडलेला. काय करता.

दुसऱ्या आठवड्यात एका चढाला माझा पाणक्या दोनदा खाली जाऊन बाटल्या घेऊन आला, मग पुढं बसून वारा खाल्ला आणि शेवटी असा थांबला, की सायकल आडवी व्हायची बाकी. त्यांचा म्होरक्या सुटला आणि जिंकला. फुलं, टाळ्या, सगळं.

"बघितलंत ना विहीणबाई? कसा झळकला आमचा!"

"झळकंल की. सातांनी राबायचं आन् एकानं मिरवायचं," मी म्हटलं. "असल्या घराची मला आधीपासनंच चीड हाय."

टीम म्हणायचं होतं, घर म्हणाले. पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "बरं. ठेवते."

आता खरं सांगायचं तर मनात नव्हतं असं नाही. माझी लेक सकाळी सातला शाळेत जाते, परत येऊन स्वयंपाकघरात शिरते. जावई वाईट नाहीत, हे लिहून ठेवते. शब्दानं दुखावणार नाहीत. पण कामावरून आले की बसतात, आणि त्यांची आई ताट त्यांच्या पुढ्यात आणून देते, आणि ते ताट लेकीनं वाढलेलं असतं. सहा वर्षं मी बघत होते आणि गप्प होते. त्या पाणक्याच्या पाठीवरच्या बाटल्यांनी माझं तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी केला तर वाजत राहिला. चौथ्या दिवशी लेकीचा आला.

"आई, तू माझ्या सासूबाईंना काय बोललीस?"

"सायकलीचं बोलले."

"सायकलीचं बोललीस तर त्या चार दिवस गप्प का? टीव्ही लावत नाहीत. माझ्याशी कामापुरतं बोलतात. मला वाटतंय माझंच काही चुकलं."

माझ्या तोंडाची शिक्षा लेकीला, हे काही बरं नाही. मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तू बोललीस ते खोटं न्हाय. पर आपली पोर तिथं नांदती. आखाड लागलाय, कापण्या तळ आन् जा. विहीण हाय ती. फोनवर मिटत नसतंय."

आखाडात लेकीच्या घरी तळण न्यायची आमच्याकडं रीत आहे, म्हणून जायला निमित्त मिळालं. गूळ-कणकेच्या कापण्या तळल्या, खसखस लावली, डबा घेतला आणि दुपारच्या एसटीनं बारामतीला उतरले. मुक्कामाच्या तयारीनंच गेले होते. लेक शाळेतून यायची होती, जावई उशिरा येणार होते. घरात विहीणबाई एकट्या.

"या विहीणबाई. बसा." पाणी दिलं. पंखा लावला. रीतीत कुठं कमी नाही, आणि डोळे माझ्याकडं नाहीत.

"कापण्या आणल्या होत्या. आखाडाच्या."

"कशाला त्रास घेतलात. आमच्या घरात खाणारेच जास्त."

लागलं मला. लागावं म्हणूनच टाकलं होतं. मी म्हटलं, "विहीणबाई, मी त्या दिवशी चुकले. बोलायला नको होतं."

"पण मनात होतं."

मी डबा मांडीवर धरून बसले होते. खोटं बोलावं तर समोरची बाई खुळी नाही. "थोडं होतं," म्हटलं. "माझ्या शाळेची वर्षं भावाच्या शाळेत गेली. मला जिथंतिथं राबणारंच दिसतं. त्यात माझी लेक हाय, म्हणल्यावर जास्तच दिसतं. पर सायकलीआडून बोलले, ती माझी चूक."

त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, पण उघडला नाही. झाकणावरून हात फिरवला. मग बोलल्या.

"आमचे हे चौघांतले थोरले. तीन भाऊ रानात राबले, म्हणून हे शिकले. नोकरी लागली तेव्हा गावात पेढे वाटले म्हणे. आणि त्या दिवसापासून ह्यांना कधी आजारी पडायची मुभा नव्हती, विहीणबाई. बढती हुकली तर घरी सांगायची चोरी. चुलत्याच्या पोराला नोकरी का लावत नाही, बहिणीच्या लग्नात एवढंच का दिलं. दिवाळीला गावी जायचं म्हटलं, की आदल्या रात्री हे भरलेली बॅग पुन्हा सोडून बसायचे. सगळ्यांचे कष्ट डोक्यावर घेऊन एकट्यानं पुढं जायचं, ते तुम्हाला मिरवणं दिसतं. मला त्या पोराचा चेहरा बघितला की हे दिसतात. जिंकला तरी हसत नाही बघा."

मी ते कधी बघितलंच नव्हतं. म्हणजे त्याचा चेहरा बघितला होता, पण मला वाटलं होतं, गर्विष्ठ आहे.

"तुमच्या लेकीचं मला दिसतं," त्या पुढं म्हणाल्या. "दिसत नाही असं नाही. सवय वाईट. पोराला मीच लावली." एवढं बोलून उठल्या, टीव्ही लावला आणि कापण्यांचा डबा आमच्या दोघींच्या मधे ठेवला. "चार दिवसांत काय झालं ते मलाही ठाऊक नाही. तुम्ही बघत होतात ना? सांगा."

मी सांगायला लागले. कोण पडला, कोण घरी गेला, ह्यांच्या शिव्यांचा गडी कसा अजून पुढंच आहे. सांगत होते तेवढ्यात लेक आली. पायरीवरच थांबली. आधी माझ्याकडं बघितलं, मग सासूकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"आई? तू इथं? काय झालं?"

"काय व्हायचंय," विहीणबाई म्हणाल्या. "तळण घेऊन आल्यात. खा, गरमगरम असतील अजून." आमच्या कळसहून निघालेल्या कापण्या कुठल्या गरम, पण बोलल्या खऱ्या. लेक सवयीनं पिशवी ठेवून आत निघाली. "तू बस," त्या म्हणाल्या, "डोंगर येतोय." ती खुर्चीच्या कडेवर बसली, कधीही उठावं लागेल अशी.

शेवटचा डोंगर यायला अंधार पडला. त्या दिवशी जांभळ्या म्होरक्याचं काहीतरी बिघडलं होतं. निम्म्या चढावर त्याची मान हलायला लागली. पुढचे सुटून गेले. टीमचे एकेक गळाले आणि त्याच्याजवळ राहिला कोण, तर माझा पाणक्या. त्याच्या पायात मात्र त्या दिवशी दम होता. चार वेळा पुढं जायचा, मागं वळून बघायचा, पुन्हा थांबायचा.

मी काही म्हणायच्या आत विहीणबाईच ओरडल्या, "जाऊ दे की रे त्याला पुढं! जा म्हण ना त्याला! किती दिवस वाहायचं त्यानं?"

"एकट्याला टाकून कसा जाईल?" मी म्हटलं. "बघा की त्याची मान. पडंल तो."

"पडू दे. पण याचं एकदा होऊ दे."

"न्हाय न्हाय. थांब रे बाबा, थांब त्याच्यापाशी."

लेक आमच्याकडं बघत होती. "तुम्ही दोघी नक्की कोणाच्या बाजूनं आहात?" म्हणाली. आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि मला असं हसू फुटलं, की तोंडातली कापणी घशात गेली. विहीणबाईंनी पाठीवर थापट्या मारल्या, हसत हसत, जरा जोरातच.

पाणक्या नाही गेला. दोघं बरेच मागून पोचले. रेषेपलीकडं म्होरक्या सायकलीवरच वाकून राहिला, आणि पाणक्यानं पाठीवरची शेवटची बाटली काढून त्याच्या मानेवर ओतली. विहीणबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि उठल्या. लेकही उठली, तिला त्यांनी खांद्याला धरून परत बसवलं. "आमटी-भात मी टाकते. पोळ्या सकाळच्या आहेत. तू आईपाशी बस, किती महिन्यांनी आल्यात." लेक बसली. आता खुर्चीत मागं टेकून बसली. पाय वर घेतले.

टीव्हीवर कोणीतरी म्होरक्याच्या तोंडापुढं माईक धरला होता. तो इंग्रजीत बोलत होता, हळूहळू, थांबून थांबून. आत कुकरचं झाकण लागलं. आतून विहीणबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय हो तो?"

इंग्रजी मला कुठलं कळतंय. पण मी आवाज चढवून सांगितलं, "म्हणतोय, घरातल्यांनी माझ्यासाठी लय केलं. आज मला त्यांच्यासाठी काय जमलं न्हाय. उद्या बघू."

"अगदी बरोबर बोलला," आतून आवाज आला.

लेक माझ्याकडं बघून गालात हसली. तिला इंग्रजी येतं. पण तिनं डब्यातली कापणी उचलली आणि खात बसली.