नेमली

ज्वारीचं पोतं उघडलं की धुळकट वास येतो आणि मला लांडोरी आठवतात. आई अंथरुणाला खिळली होती, त्या वर्षी मागच्या माळावरून त्या रोज सकाळी अंगणात यायच्या. आईची चादर बदलून, तिला भरवून दमलेली मी पायरीवर बसून त्यांचं दाणे टिपणं नुसतं बघत राहायचे. एकदा तेलुगू शेजारीण भिंतीवरून ओरडली, "नेमली वच्चिंदी!" तेलुगूत नेमली म्हणजे मोर किंवा लांडोर. आतून आईचा घाबरा आवाज आला, "माझ्यापाशी बाई नेमली का गं? कंटाळलीस मला?" "नाही गं, लांडोर आलीय," मी हसून म्हणाले. खरं तर बाई मी आदल्याच दिवशी नेमली होती. दुसऱ्या सकाळी ती दारात उभी राहिली, तेव्हाचा आईचा आवाज अजून कानातून जात नाही, "आली का गं तुझी लांडोर?"