सर्वनाम
वसमतला हळद शिजायला लागली, की त्या मातकट वाफेबरोबर मला आमच्या मळ्यातलं ते पत्र्याचं खोपट आठवतं. निजामाच्या अमलात परवानगीशिवाय शाळा काढायला बंदी होती, तरी आमचे मालक तिथं लेकरांना मराठी शिकवायचे. एकदा मी त्यांची भाकर घेऊन गेले, तर दारात पोलिसांचा अमीन उभा. फळ्यावर लिहिलं होतं, 'मी बोलतो, आम्ही बोलतो.' "ये 'आम्ही' कौन?" अमीन गुरकावला. मालक म्हणाले, "कुणी बी न्हाई, साहेब. ते सर्वनाम हाय." "सर्व नाम? तो बताओ, सब के नाम!" मला तर हसूच आलं होतं, वाटलं, समजावल्यावर जाईल. पण तो नावंच मागत राहिला. नावं नव्हतीच, तर सांगणार कुठून? काठीनं झोडपतच त्यांना नेलं. सुटून आले तेव्हा खोपटात हळदीची पोती रचलेली होती. पुढं निजाम गेला, गल्लोगल्ली मराठी शाळा निघाल्या. मालकांनी एकीचीही पायरी चढली नाही. आजही हळदीचा वास आला की मी म्हणते, "चला, आपण मळ्यात जाऊन येऊ." ते म्हणतात, "तू जा."