कुत्र्याच्या दातांवर पाळत

मी मुळात संशयी माणूस आहे. दूधवाल्यासमोर पातेलं तिरकं करून बघतो, आणि दुकानदार "एकदम ताजं" म्हणाला की माल जागेवर ठेवून बाहेर पडतो. आमची ही म्हणते, "तुम्ही स्वतःच्या सावलीवरसुद्धा पाळत ठेवाल." ठेवीनही, माझं काय जातंय? त्यामुळे जळगावच्या डॉक्टरांनी आमच्या कुत्र्याचे दात भूल देऊन साफ करायचे म्हटलं, तेव्हाच माझ्या मनात आलं की इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

कुत्रा गावठी, आठ वर्षांचा. त्याच्या तोंडाला इतका वास यायला लागला होता की पाहुणे खुर्ची मागे सरकवायचे. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून दाखवला. दाढांवर पिवळं-तपकिरी किटण दगडासारखं बसलं होतं आणि हिरड्या लाल झाल्या होत्या. "हे काढलं नाही तर दात पडतील, आणि यातले जंतू पुढे मूत्रपिंडापर्यंत जातात," ते म्हणाले. मी दोन दिवस चौकशी केली, मग मान डोलावली. साफसफाई झाली. दात पांढरे निघाले. डॉक्टरांनी कुत्र्यांची पेस्ट आणि बोटात घालायचा रबरी ब्रश दिला आणि बजावलं, "माणसांचं काही लावू नका. ते गिळतात, थुंकत नाहीत."

मी रोज सकाळी सातला ब्रश करायला लागलो. कुत्रा शहाणा, गुमान जबडा उघडायचा. पंधरा-वीस दिवस बरे गेले. मग एका सकाळी ब्रश झाल्यावर त्याच्या तोंडातून लाळेच्या तारा सुटल्या आणि त्याने अंगणात पिवळं ओकून टाकलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मागचे पाय लटपटायचे. दुपारपर्यंत सावरायचा, पण खाणं निम्म्यावर आलं आणि बरगड्या दिसू लागल्या.

मी म्हटलं, पेस्टमध्येच भानगड आहे. पेस्ट कचऱ्यात टाकली. तरी ओकारी थांबली नाही. मग शेजारच्यांवर नजर गेली, कारण कुत्र्याच्या भुंकण्यावरून त्यांची आणि आमची जुनी कुरबूर. आठवडाभर मी ओट्यावर पेपर तोंडासमोर धरून बसलो. शेजारीण एकदा म्हणाली, "भाऊ, तुमचा पेपर उलटा आहे." त्यांच्याकडून खाण्याचा एक कणसुद्धा आमच्या अंगणात पडला नाही. उरले डॉक्टर. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "या वयात असंच चालू राहिलं तर महिना-दीड महिना काढणंही अवघड आहे. घरात काहीतरी पोटात जातंय, शोधा." घरात! म्हणजे स्वतः भूल देताना घोळ घातला आणि खापर आमच्या घरावर. माझं डोकंच फिरलं. जळगावातले सगळे डॉक्टर एकमेकांच्या ओळखीचे, म्हणून मी धुळ्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरवलं.

निघताना माय म्हणाली, "मी बी येस." माय म्हणजे माझी आई. वय पंचाहत्तरीच्या पुढे, माहेर साक्रीकडचं, बोलणं अजून अस्सल अहिराणी. कुत्र्यावर तिचा माझ्यापेक्षा जास्त जीव. पहाटे पाचला ती उठली की तोही उठायचा आणि मोरीजवळ तिला टेकून बसायचा. गाडीत ती मागे बसली, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, ती अवाक्षर बोलली नाही. मला वाटलं, काळजीत असेल. मी मात्र जळगावच्या डॉक्टरांविरुद्ध काय काय बोलायचं ते मनात घोळवत होतो.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. माझी तक्रार त्यांनी अर्धीच ऐकली. कुत्र्याचा जबडा उघडला, मागच्या हिरडीवरून कापूस फिरवला आणि तो नाकाशी नेला. कापसावर काळी भुकटी होती. त्यांनी विचारलं, "घरात मशेरी कोण लावतं?"

मी भडकलो. "आमच्या घरात कुणी तसलं काही लावत नाही! आई लावायची. चार वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरांनी दम दिला, तेव्हा तिचा डबा मी माझ्या हाताने गटारीत फेकलाय."

"भाजलेली तंबाखू आहे ही," बाई शांतपणे म्हणाल्या. "ती गिळली की कुत्र्याला लाळ सुटते, ओकारी होते, पाय लटपटतात."

मागून मायचा आवाज आला. "मी लावस त्याले."

मी वळलो. माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"त्या डॉक्टरनी दात खरवडात, मंग रगत ये त्याना हिरड्यास्ले," ती म्हणाली. "माले दया उनी. मी लावस तव्हय त्याले बी एक बोट फिरावस. मन्हा बठ्ठा दात शेतस ना अजून?"

दात तिचे सगळे शाबूत होते, हे खरं. पण म्हणजे ती स्वतः रोज लावत होती. चार वर्षं. पहाटे पाचला, मी उठायच्या आधी. अख्ख्या गल्लीवर पाळत ठेवली मी, डॉक्टरांना मनातल्या मनात नाही नाही ते बोललो, आणि हे माझ्याच मोरीत चाललं होतं! बाईंनी एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "मशेरी बंद करा, कुत्रा आठ दिवसांत खायला लागेल. दात उत्तम साफ केलेत, ज्यांनी केले त्यांनी." मी खाली मान घातली.

परतीच्या वाटेवर धुळं मागे पडेपर्यंत मी सगळा राग गिअरवर काढत होतो. मग आपोआप तोंडातून निघालंच, "माय, दातांच्या डॉक्टरांनी तुला मशेरी कशासाठी सोडायला सांगितली होती, आठवतं का?"  विचारता विचारता मलाच ते आठवलं. मशेरीने गालाच्या आत कॅन्सर होतो, असं ते म्हणाले होते. एका लिंबाखाली मी गाडी उभी केली, मागचं दार उघडलं आणि म्हटलं, "माय, तोंड उघड."

तिने ओठ घट्ट मिटले. कुत्रा आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

"आते आठवन उनी का तुले?" ती म्हणाली. "याना दात रोज देखस. चार वरीसमा मन्हा एकदा तरी देखात का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्या हनुवटीला हात लावला. तिने हळूच तोंड उघडलं, पुरतं उघडलंही नाही. गालाच्या आत, डाव्या बाजूला, नखाएवढा पांढरा चट्टा होता आणि त्याची कड लाल झाली होती.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाईपासून. तिखट झोंबस."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तू वरडशी," माय म्हणाली.

मी दार हळू लावलं आणि दातांचा डॉक्टर गाठायला गाडी परत धुळ्याकडे वळवली.